‘त्या काळी तसंच होतं’ म्हणण्याआधी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

नीती सर्व काळांत एकच असते की देश-काळाप्रमाणे बदलते, यावर आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात चाललेल्या वादात दोन्ही बाजूंनी १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याचा दाखला दिला आहे. एका बाजूचं म्हणणं, दहा-अकरा वर्षांच्या मुलीला सासरी नांदायला पाठवणं ही त्या काळची रीत होती, तिला आजची फूटपट्टी लावू नये. शिवाय तो कायदा म्हणजे साहेबानं लादलेली पाश्चात्त्य नीती. दुसरी बाजू म्हणते, अनीती ती अनीती, मग शतक कुठलंही असो. दाखला उत्तम निवडला आहे, फक्त दोघांनीही तो अर्धवट वापरला. कागदपत्रं नीट पाहिली तर हे प्रकरण दोघांनाही अडचणीत आणतं.

आधी कायदा काय होता ते पाहू. १८६० च्या दंडसंहितेनुसार मुलगी दहा वर्षांखालची असेल तर तिच्याशी संबंध हा बलात्कार होता, करणारा नवरा असला तरी. ९ जानेवारी १८९१ रोजी सर अँड्र्यू स्कोबल यांनी कलकत्त्याच्या कायदेमंडळात विधेयक मांडलं आणि १९ मार्चला ते मंजूर झालं. दहाच्या जागी बारा आले, बाकी काही नाही. निमित्त होतं फुलमणी दासीचं. कलकत्त्याची दहा-अकरा वर्षांची ही मुलगी. पस्तिशीच्या आसपासच्या नवऱ्यानं केलेल्या जबरदस्तीत रक्तस्राव होऊन ती मेली. १८९० साली खटला चालला. तिनं दहा वर्षं पुरी केली होती, म्हणून बलात्काराचं कलम लागूच होईना. शेवटी निष्काळजीपणाच्या कृत्यानं गंभीर इजा केल्याच्या कलमाखाली नवऱ्याला एक वर्षाची शिक्षा झाली.

आता ‘पाश्चात्त्य नीती’. इंग्लंडमध्ये संमतीचं वय १८७५ पर्यंत बाराच होतं. त्या साली ते तेरा झालं आणि १८८५ साली, मोठ्या गदारोळानंतर, सोळा. म्हणजे हिंदुस्थानात बाराचा कायदा झाला तेव्हा इंग्लंडचं सोळा अवघं सहा वर्षांचं होतं. १८८० च्या सुमाराला अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत हे वय दहा किंवा बारा होतं आणि डेलावेअरमध्ये तर सात. इंग्लंडमध्ये मुलीच्या लग्नाचं किमान वय १९२९ पर्यंत बारा वर्षंच होतं! त्या साली ते सोळा केलं गेलं, आणि त्याच साली आपल्याकडे बालविवाहाला बंदी घालणारा सारडा कायदा झाला. इंग्लंड आणि वेल्समध्ये लग्नाचं वय अठरा झालं ते फेब्रुवारी २०२३ मध्ये. तेव्हा पूर्वेची एक नीती आणि पश्चिमेची दुसरी, अशी वाटणी या प्रकरणात बसत नाही. दोन्हीकडे तोच वाद, थोडाफार पुढेमागे, चालला होता.

‘हिंदू रीत’ म्हणून जे सांगितलं जातं त्याचीही तीच गत आहे. विरोधकांचा मुख्य मुद्दा गर्भाधान संस्काराचा होता: पहिल्या ऋतुप्राप्तीनंतर ठरावीक रात्रींच्या आत तो झाला पाहिजे, आणि मुलगी बाराच्या आत न्हाती झाली तर हा कायदा धर्माच्या आड येतो. रा. गो. भांडारकरांनी शास्त्रग्रंथांतलेच आधार काढून दाखवलं की तशी सक्ती नाही. टिळकांनी ते खोडून काढायचा प्रयत्न केला. दोघंही संस्कृतचे जाणकार, आणि दोघांनाही वचनं सापडत होती. सुश्रुतसंहितेचं शारीरस्थान उघडलं तर तिथे सोळाच्या आतली स्त्री आणि पंचविशीच्या आतला पुरुष यांच्या संबंधातून राहिलेला गर्भ पोटातच दगावतो, असं स्वच्छ लिहिलेलं आहे. परंपरा एकमुखी नव्हती, कधीच नसते. कुठलं वचन वर काढायचं आणि कुठलं तळाशी ठेवायचं, हे ठरवणारे लोक असतात, त्यांची नावंगावं असतात.

टिळकांच्या बाबतीत तर दोन्ही बाजूंच्या पत्रलेखकांनी एक गोष्ट वगळली आहे. विधेयक येण्याच्या थोडंच आधी, १८९० च्या अखेरीस, त्यांनीच पुण्यात सुधारणांची एक यादी मांडली होती: मुलीचं लग्न सोळाच्या आत आणि मुलाचं विसाच्या आत करू नये, चाळिशीनंतर लग्न करायचंच तर विधवेशी करावं, हुंडा घेऊ नये, विधवेचं केशवपन करू नये, आणि ज्यांना हे पटतं त्यांनी सह्या करून आपल्या घरापासून सुरुवात करावी. लहान मुलीला नांदायला पाठवणं बरं की वाईट, यावर टिळक आणि आगरकर यांच्यात आपण समजतो तेवढं अंतर नव्हतंच. भांडण होतं ते हे बदलायचं कुणी यावर, परक्या सरकारनं की समाजानं स्वतः. हा राजकीय अधिकाराचा प्रश्न आहे आणि तो क्षुल्लक नाही. पण त्याला ‘त्या काळची नीती वेगळी होती’ याचा पुरावा म्हणून पुढे करणं चूक आहे. टिळकांचा युक्तिवाद मात्र एका ठिकाणी लंगडा पडतो: समाज स्वतःहून बदलेपर्यंतची मुदत कोण भोगणार, याचा हिशेब त्यात नाही. शिवाय परकं सरकार नसलेल्या ठिकाणीही कायदाच करावा लागला. म्हैसूर संस्थाननं १८९४ साली आठ वर्षांखालच्या मुलींच्या लग्नाला बंदी केली; सयाजीरावांच्या बडोद्यानं १९०४ साली मुलीला बारा आणि मुलाला सोळा अशी मर्यादा घातली.

याच वादातलं दुसरं नाव रखमाबाईंचं. आपल्या सदरात ते एका ओळीत येऊन गेलं. खरं तर सगळा प्रश्न तिथेच उलगडतो, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

रखमाबाईंचा जन्म १८६४ चा, जात सुतार. अकराव्या वर्षी लग्न झालं, नवरा दादाजी भिकाजी एकोणीस वर्षांचा. त्या सासरी गेल्याच नाहीत. आई जयंतीबाई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून शिकल्या. १८८४ साली दादाजीनं मुंबई हायकोर्टात दावा लावला: बायकोला नांदायला पाठवा. सप्टेंबर १८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी दावा फेटाळला. त्यांचं कारण वाचण्यासारखं आहे. अशा प्रकारचा दावा हिंदू कायद्यात मुळात नाहीच, तो इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून इथे येऊन पडला आहे. आणि जे दोघं कधी एकत्र राहिलेच नाहीत त्यांना ‘पुन्हा’ एकत्र करणार कसं? अपिलात हा निकाल फिरला. ४ मार्च १८८७ रोजी न्या. फॅरन यांनी हुकूम दिला: महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद. रखमाबाईंचं उत्तर होतं, कैद चालेल.

या गोष्टीतली गंमत अशी, की ज्याला परंपरेचे कैवारी ‘हिंदू विवाहाचं पावित्र्य’ म्हणून कवटाळून बसले होते ते इंग्रजी चर्चचं हत्यार होतं, आणि खुद्द इंग्लंडनं असा हुकूम मोडल्याबद्दलची कैद १८८४ सालीच, म्हणजे दादाजीनं दावा लावला त्याच वर्षी, रद्द केली होती. आपल्याकडे ती १९२३ पर्यंत राहिली. उलट रखमाबाईंच्या स्वतःच्या जातीत चाल सैल होती. त्यांच्या विधवा आईचा पुनर्विवाह झालेला होता. मग यातली ‘आपली संस्कृती’ नेमकी कुठली? सुतारांची, हायकोर्टात गेलेल्या चर्चच्या कायद्याची, की पुण्यातल्या अग्रलेखांची?

जुलै १८८८ मध्ये दादाजीनं दोन हजार रुपये घेऊन हक्क सोडला. रखमाबाई लंडनला जाऊन १८९४ साली डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत, राजकोटला त्यांनी काम केलं. १९०४ साली दादाजी वारल्यावर त्यांनी विधवेची पांढरी साडी नेसायला सुरुवात केली, हेही नोंदलेलं आहे. ज्यांना त्यांच्यात शंभर टक्के आधुनिक स्त्री पाहायची असते त्यांना ही गोष्ट खटकते. माणूस रूढीतलं एक टाकतो, एक ठेवतो. त्यात मला तरी विसंगती दिसत नाही.

या प्रकरणातला वजनदार पुरावा वेगळाच आहे. १८८५ साली टाइम्स ऑफ इंडियात ‘एक हिंदू स्त्री’ अशा सहीनं संपादकांना पत्रं आली. बालविवाहानं मुलीचं शिक्षण कसं तुटतं, शरीर कसं खचतं आणि याची झळ पुरुषाला का लागत नाही, याबद्दलची. ती रखमाबाईंची होती. त्याआधी १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या नीतीला दोन वेगळी मापं का, हा सवाल मराठीत छापून विचारला होता. १८८७ साली पंडिता रमाबाईंचं उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचं पुस्तक आलं. विधेयकाच्या वेळी इथे काम करणाऱ्या स्त्री-डॉक्टरांनी जखमी मुलींच्या नोंदींसह व्हाइसरॉयकडे अर्ज केला. तेव्हा ‘त्या काळी कुणाला यात काही गैर वाटत नव्हतं’ हे विधान सपशेल चूक आहे. वाटत होतं, त्यांनी लिहिलं होतं आणि ते छापूनही आलं होतं. ‘त्या काळचं मत’ म्हणून आपण उचलतो ते बहुधा त्या काळी ज्यांना काही सोसावं लागत नव्हतं त्यांचं मत असतं.

इथवर मी सार्वकालिक नीतीच्या बाजूनं बोलते आहे असं वाटेल. पण त्या बाजूचीही गाडी अडते. १८८४ साली समाजसुधारक बेहरामजी मलबारींनी बालविवाहावर टिपणं काढली तेव्हा जोतीराव फुले यांनी उत्तरात सुचवलेली मर्यादा होती मुलाला एकोणीस आणि मुलीला अकरा. त्या काळातला सर्वांत पुढचा माणूस, आणि आकडा अकरा! आज अकराव्या वर्षी कुणी मुलीचं लग्न लावलं तर त्याच्यावर गुन्हा दाखल होईल. संमतीचं वय १९२५ साली चौदा आणि लग्नाच्या बायकोसाठी तेरा झालं, स्वातंत्र्यानंतर सोळा आणि पंधरा. तो पंधराचा अपवाद सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०१७ मध्ये अठरावर नेला. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या हयातीतच सोळा वर्षांच्या बायकोवरची जबरदस्ती कायद्यानं बलात्कार नव्हती. आकडे काळाचेच असतात. फुल्यांना अकरा सुचलं कारण समोर पाच-सहा वर्षांच्या मुलींची लग्नं होती. पण आकडा वर का सरकवायचा, याचं फुल्यांचं, रखमाबाईंचं आणि २०१७ च्या न्यायमूर्तींचं कारण एकच निघतं: जिच्या शरीराचं आणि आयुष्याचं नुकसान होतं तिला विचारलेलं नाही. दोन्ही पक्षांनी आकडा आणि कारण यांची गल्लत केली आहे.

खरोखरचे सांस्कृतिक मतभेद असतात की नाही? असतात, आणि ते तपासायचे कसे हे एका जुन्या पाहणीतून चांगलं कळतं. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड श्वेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भुवनेश्वरच्या मंदिराभोवतालच्या वस्तीत आणि शिकागोच्या हाइड पार्कमध्ये तेच ३९ प्रसंग लोकांपुढे ठेवले. निष्कर्ष १९८७ साली छापले. एक प्रसंग असा: वडील वारल्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलानं केस कापले आणि कोंबडी खाल्ली. भुवनेश्वरच्या ब्राह्मण मुलांच्या मते यादीतलं हे सर्वांत गंभीर पाप. शिकागोकरांना त्यात वावगं काहीच दिसेना. इथे सापेक्षतावादी, म्हणजे नीती देश-काळाप्रमाणे बदलते म्हणणारा, टाळी मागतो. पण सुतकात अशानं वडिलांच्या आत्म्याची पुढची वाट अडते, असं ज्याला मनापासून वाटतं, तो पित्याला इजा करू नये हेच म्हणतो आहे. शिकागोचा माणूसही तेच म्हणेल. फरक आहे तो आत्म्याचं काय होतं या समजुतीत. त्याच यादीत दुसरा प्रसंग होता: ताकीद देऊनही न विचारता सिनेमाला गेलेल्या बायकोला नवऱ्यानं मारलं. भुवनेश्वरला बहुतेकांना ते योग्य वाटलं. इथे मात्र आत्म्याबित्म्याचा प्रश्न नाही. मार बसला की दुखतं, हे दोन्ही शहरांत सारखंच ठाऊक आहे. पहिला मतभेद वस्तुस्थितीबद्दलचा, दुसरा कुणाचं दुखणं मोजायचं याबद्दलचा. कुठल्याही रूढीवर बोलताना आधी ही चाळण लावली तर निम्मा वाद तिथेच मिटतो.

‘जिला सोसावं लागतं तिलाच विचारा’ ही कसोटीही वाटते तेवढी सोपी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नवऱ्यानं मारण्याची सात कारणं वाचून दाखवली, तेव्हा देशातल्या ४५ टक्के स्त्रियांनी निदान एका कारणासाठी मारणं योग्य मानलं. पुरुषांचं प्रमाण ४४ टक्के. मग मार नैतिक ठरतो का? होकार तोलताना नकाराची किंमत काय होती ते आधी पाहावं लागतं. रखमाबाईंना नकाराची किंमत सहा महिने कैद अशी लेखी सांगितली गेली होती, आणि त्यांच्यामागे शिकलेलं घर, वकील आणि मुंबईत उभी राहिलेली बचाव समिती होती. ज्या बाईच्या नावावर घर नाही, जिला माहेरी परत घेणार नाहीत, तिच्या होकारातून तिची नीती कळत नाही, तिची अडचण कळते.

एका पत्रलेखकानं ‘काही नियम जगभर सारखेच’ म्हणून नव्या संशोधनाचा हवाला दिला, तोही तपासून घ्यावा. ऑक्सफर्डमधल्या त्या अभ्यासानं (२०१९) साठ समाजांच्या नोंदी चाळल्या. आप्तांना मदत, गटाशी निष्ठा, उपकाराची फेड, शौर्य, वरिष्ठांचा मान, न्याय्य वाटणी, दुसऱ्याच्या मालमत्तेचा आदर, या सात गोष्टी ९६२ पैकी ९६१ नोंदींत चांगल्याच मानलेल्या आढळल्या. (एकुलता अपवाद मायक्रोनेशियातल्या ‘चूक’ (Chuuk) नावाच्या बेटांवरचा: उघडउघड हिसकावून घेणाऱ्याचं तिथे कौतुक.) उत्तम. पण या सातांतली ‘वरिष्ठांचा मान’ आणि ‘गटाशी निष्ठा’ ही दोन दादाजीच्या वकिलालाही उपयोगी पडली असती. यादी सार्वत्रिक असून भागत नाही. दोन नियम एकमेकांना भिडले की कोणता वर, आणि गटात कुणाला धरलं आहे, हे यादी सांगत नाही.

आता कायद्याच्या अंमलाकडे, कारण ‘नीती सार्वत्रिक आहे, कायदा करा, संपलं’ म्हणणाऱ्यांनी हे पाहायला हवं. १८९१ च्या कायद्यात आरोपी नवरा असेल तर पोलिसांना वॉरंटशिवाय अटकेची मुभा नव्हती आणि प्रकरण वरच्या दंडाधिकाऱ्यापुढेच जायचं. जन्मनोंदी नाहीत, तेव्हा मुलगी अकराची की तेराची हे सिद्ध करायचं कसं? तक्रार करणार कोण, ती मुलगी? खटले नावापुरतेच झाले. सारडा कायद्यात मुलीला चौदा, मुलाला अठरा. शिक्षा महिन्याची साधी कैद किंवा हजार रुपये दंड. पण झालेलं लग्न वैधच, पोलिसांचा हात नाही, तक्रारदारानंच वर्षाच्या आत कोर्टात जायचं आणि वर शंभर रुपयांपर्यंतचं बंधपत्र लिहून द्यायचं. सप्टेंबर १९२९ ला मंजूर, लागू १ एप्रिल १९३० पासून. मधल्या सहा महिन्यांत बालविवाहांची अशी झुंबड उडाली की १९३१ च्या जनगणनेत तिचा ठसा उमटला.

आजचा २००६ चा कायदा यापेक्षा कडक आहे: दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, लाखापर्यंत दंड, लावून देणारे आणि हजर राहून उत्तेजन देणारेही त्यात. तरी २०१९-२१ च्या त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. त्याला त्याच गावात दाखले, घरपट्टी, ग्रामसभा सगळं निभवायचं असतं, वऱ्हाड अडवून तो राहणार कुठे? पत्रिका साखरपुड्याची छापतात आणि मांडवात अक्षता पडतात. लग्न अजूनही आपोआप रद्द होत नाही, काही मोजके प्रकार सोडले तर. मुलीनं स्वतः जिल्हा न्यायालयात अर्ज करायचा, तोही वयाची वीस वर्षं पुरी व्हायच्या आत. ही मुदत आहे हेच बहुतेकींना माहीत नसतं.

आणि कारणं? बीडकडच्या उसतोडीत मुकादम उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे जोडपं. एकट्या माणसाचा अर्धा कोयता. दिवाळीच्या मागेपुढे आईबाप फडावर निघतात, ते पार उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. पंधरा वर्षांची मुलगी मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, की फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, सोबत न्यायची? लग्न केलं की जबाबदारी सासरी जाते आणि तिकडे एक पुरा कोयता तयार होतो. याला ‘त्यांची संस्कृती’ म्हणणारा आणि ‘त्यांची अनीती’ म्हणणारा, दोघंही उचलीच्या हिशेबाकडे पाहत नाहीत. हंगामी वसतिगृहं वेळेवर उघडली आणि उचल माणशी झाली, तर याच आईबापांची नीती किती बदलते ते पाहावं. माझा अंदाज, फारशी बदलावी लागणार नाही. मुलीला सुखरूप ठेवावं हे त्यांना आत्ताही वाटतंच.

शेवटी दोन दुरुस्त्या, जमल्यास त्याच सदरात छापाव्यात. एक, १८९१ च्या कायद्यानं ‘लग्नाचं वय बारा केलं’ असं दोन पत्रांत आलं आहे. त्या कायद्यानं लग्नाच्या वयाला हातही लावला नव्हता; ब्रिटिश हिंदुस्थानात सरसकट सर्व धर्मांच्या लग्नाच्या वयावर पहिली मर्यादा आली ती सारडा कायद्यानं. दोन, रखमाबाईंना ‘कोर्टातून घटस्फोट मिळाला’ हेही बरोबर नाही. तो पैसे देऊन केलेला समझोता होता. हुकूम त्यांच्या विरुद्धचाच राहिला. आणि नांदायला पाठवण्याचा तो दावा १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये आजही शाबूत आहे. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयानं १९८३ साली ते कलम घटनाबाह्य ठरवलं होतं, पण सर्वोच्च न्यायालयानं १९८४ साली ते कायम ठेवलं.

आपली,
एक वाचक, पुणे